पिन सगळ्यात शेवटी कापा: पिनवाला भिंतीचा दिवा वायरिंगला कायमचा कसा जोडावा

पिनवाला वॉल लॅम्प घरात आला की बहुतेकांचा हात आधी पक्कडीकडे जातो. पिन तोडली, वायरी सोलल्या, भिंतीतून आलेल्या वायरींना पीळ मारला, वर काळी टेप गुंडाळली. बटण दाबलं, दिवा लागला, काम झालं. पण ते काम चुकलेलं असतं, आणि हे कळायला कधी एक पावसाळा लागतो, कधी तीन.

गोव्यात वायरिंगची कामं करताना अशा जोडण्या मी पुष्कळ उघडल्या आहेत. म्हापशाजवळच्या एका घरात पलंगाशेजारचा दिवा उतरवला, तर टेपचा डिंक विरघळून काकवीसारखा भिंतीवर ओघळला होता. आतलं तांबं कळकून हिरवं पडलं होतं आणि वायरीचं आवरण बोटभर करपलं होतं. त्या दिव्याच्या उजेडात घरातली आजी रोज रात्री पोथी वाचायची. बाहेरून दिवा अगदी देखणा होता.

चूक टेपपासून सुरू होत नाही, ती कामाच्या क्रमापासून सुरू होते. पिन आधी कापली की परतीचा रस्ता बंद होतो. मग दिवा योग्य नसला, पॉइंटला अर्थिंग नसलं, भिंत ओली निघाली, तरी माणूस कसंबसं जोडून मोकळा होतो. म्हणून खालच्या क्रमात पिन कापायची पायरी सहावी आहे.

## आधी हे ठरवा: यातलं काम तुमचं किती?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांत हे स्पष्ट आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण किंवा फिटिंग काढून त्याच जागी तसंच दुसरं बसवायला हरकत नाही, पण त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, परवाना असलेल्या वायरमनकडूनच व्हायला हवं.

म्हणजे भिंतीवर आधीपासून दिव्याचा पॉइंट आहे, त्याला बोर्डावर स्वतंत्र स्विच आहे आणि तुम्ही जुना दिवा उतरवून नवा चढवणार आहात, तर हात घालायला हरकत नाही. नवा पॉइंट काढायचा, भिंत फोडून पाइप टाकायचा, बोर्डातून नवी लाइन ओढायची, तर वायरमन बोलवा. तेव्हाही पहिली, दुसरी आणि आठवी पायरी तुमच्या उपयोगाची आहे. काम चालू असताना काय बघायचं ते त्यावरून कळेल.

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाला विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. आणि एक सांगतो, पिन तशीच ठेवून वायर पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून नीट सॉकेटपर्यंत नेणं हा कमीपणाचा मार्ग नाही. पुढच्या तपासणीत एक गोष्ट जरी अडली, तरी तोच मार्ग धरा.

## १. दिवा जोडण्यालायक आहे का?

बैठकीच्या मागे, म्हणजे दिव्याचा जो भाग भिंतीला टेकतो त्याच्या मागे, किंवा होल्डरच्या गळ्याशी लेबल असतं. त्यावर २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं हवं. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. गोव्यात घरटी कुणी ना कुणी जहाजावर, आखातात, पोर्तुगालला नाहीतर लंडनला असतो, त्यामुळे दिवे जगभरातून येतात. अमेरिकेतून आलेल्या दिव्यावर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो इथल्या वायरिंगला जोडू नका. ‘बल्ब तेवढा आपल्याकडचा लावला की झालं’ हे ऐकू नका. त्यातलं बटण, डिमर आणि वायर १२० व्होल्ट धरूनच निवडलेली असतात.

मग पिनकडे बघा. ती जाडजूड डबीसारखी असेल आणि तिच्यावर ५, १२ किंवा २४ व्होल्ट डीसी लिहिलं असेल, तर ती नुसती पिन नव्हे, अ‍ॅडॅप्टर आहे. ती कापून आतली वायर २३० व्होल्टला जोडली तर दिवा त्याच क्षणी जळेल, आगही लागू शकते. असे दिवे सॉकेटवरच चालवा.

तीन चौकोनी पायांची ब्रिटिश पद्धतीची पिन असेल तर तिच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो, दिव्यासाठी बहुधा ३ अँपियरचा. दिव्याची बारीक वायर सांभाळायचं काम तो करतो. पिनेबरोबर तोही जाणार, म्हणून असा दिवा ६ अँपियरच्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) असलेल्या लाइटच्या लाइनलाच जोडायचा. गीझर किंवा इस्त्रीच्या १६ अँपियरच्या लाइनवरून कधीच नाही. त्या लाइनवर दिव्याची वायर तापून वितळली तरी एमसीबी पडणार नाही.

यानंतर अर्थिंग, आणि इथे घाई नको. दिव्याचं अंग पितळेचं, लोखंडाचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं असेल, तर वायरीत तीन तारा हव्यात आणि तिसरी, हिरवी-पिवळी, धातूच्या अंगाला स्क्रूने पक्की बसलेली हवी. दोनच तारा असतील तर लेबलावर चौकोनात चौकोन असं चिन्ह शोधा. ते दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह, अशा दिव्याला अर्थिंग लागत नाही. धातूचं अंग, दोनच तारा आणि चिन्हही नाही, असा दिवा वायरिंगला जोडू नका. बाजारात हौसेचे पितळी दिवे असे सर्रास मिळतात. सॉकेटवर चालवताना निदान पिन काढून तो निर्जीव करता येतो. भिंतीत जोडल्यावर ती सोय राहत नाही.

शेवटी वायर दिव्यातून बाहेर कुठून पडते ते बघा. मागून पडत असेल तर उत्तम. खालून पडत असेल तर ती आत वळवून मागून काढावी लागते. बैठकीला मागे तयार भोक नसेल आणि तुम्ही पत्र्याला भोक पाडणार असाल, तर कडेला रबरी रिंग बसवल्याशिवाय वायर त्यातून नेऊ नका. उघडी पत्र्याची कड वायरीला हळूहळू कापते.

तपासा: २२०–२४० व्होल्ट आहे, पिन साधी आहे, अर्थिंगची तार किंवा दुहेरी चौकोन आहे, वायर मागून निघते. चारही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा.

## २. जागा, भिंत आणि पॉइंट

गोव्यातली जुनी घरं चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा पाणी पितो आणि पाऊस संपला तरी आत ओल धरून ठेवतो. पश्चिमेकडची, पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत असेल तर हात लावून बघा, चुन्याला पोपडे आलेत का बघा, खार फुटलाय का बघा. अशा भिंतीवर दिवा नको. त्याच खोलीतली आतली भिंत निवडा. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, लावायचा तर आतल्या खोलीसाठीचा दिवा चालणार नाही. छपराखाली निदान आयपी ४४ आणि पाऊस थेट लागत असेल तर आयपी ६५ असं दिव्यावर लिहिलेलं हवं. धूळ-पाणी किती अडतं ते हा आकडा सांगतो. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस आडवा येतो, तेव्हा ‘छपराखाली आहे’ या भरवशावर राहू नका.

बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच्या रेषेत आडवं भोक पाडू नका. भिंतीत लपवलेल्या, म्हणजे कन्सील्ड वायरिंगचे पाइप याच रेषांत धावतात.

आता पॉइंट. आधीपासून आहे तो असेल तर त्यातून तीन वायरी आल्या पाहिजेत: स्विचमधून वीज घेऊन येणारा फेज, तिला परत नेणारा न्यूट्रल आणि जमिनीला जोडलेला अर्थ. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगला बहुधा दोनच असतात. धातूच्या दिव्यासाठी असा पॉइंट बाद. जवळच्या सॉकेटच्या न्यूट्रलला अर्थिंगची वायर जोडण्याचा जुगाड काही जण करतात. न्यूट्रल कुठे सुटला तर दिव्याचं अख्खं अंग जिवंत होतं. हे कुणी सुचवलं तर त्या माणसाला काम देऊ नका.

नवा पॉइंट वायरमन काढणार असेल तर त्याला एवढं विचारा. दिव्याची लाइन लाइटच्या एमसीबीवरून येतेय ना? न्यूट्रल त्याच सर्किटचा आहे ना, की जवळ दिसला म्हणून दुसऱ्याचा उचललाय? वायर १.५ चौरस मिलिमीटरची आहे ना? एका लाइटच्या सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट ही मर्यादा धरण्याची रीत आहे, ती सांभाळली का? दुसऱ्याच सर्किटचा न्यूट्रल घेतला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, विनाकारण पडत राहू शकतो. मग कंटाळून कुणीतरी तो आरसीसीबीच काढून टाकतो आणि घरातलं सगळ्यात मोठं संरक्षण जातं.

## ३. सामान

भिंतीतला पीव्हीसीचा बॉक्स, स्क्रूचे किंवा दाबून बंद होणारे कनेक्टर, वायरीच्या टोकांवर बसवायच्या लहान नळ्या म्हणजे फेरूल आणि त्या दाबायची पक्कड, वायर स्ट्रिपर, मल्टिमीटर, टेस्टर, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि बॅटरीवर चालणारं ड्रिल. मेन बंद असताना सॉकेटवरचं ड्रिल चालणार नाही, म्हणून बॅटरीचं. घरात नसेल तर शेजाऱ्यांकडून आणा.

लोखंडी बॉक्स आणि साधे स्क्रू टाळा. कळंगूट, बागा, कोलवा अशा समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेने ते फार लवकर गंजतात आणि पुढे काढायची वेळ आली की डोकं तुटतं.

इन्सुलेशन टेप या यादीत मुद्दाम घेतलेली नाही.

## ४. वीज खरोखर बंद करा

सगळ्यात जास्त शॉक लागतात ते इथे, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

दिव्याचा स्विच बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर टाकलेला सापडतो. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच जागा असतो.

मेन पाडणंही पुरेसं नाही, कारण घरात इन्व्हर्टर आहे. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली. तो दिव्या-पंख्यांची लाइन लगेच उचलून धरतो. म्हणजे नेमकी ज्या लाइनवर तुम्ही हात घालणार तीच इन्व्हर्टरवर चालू असते, आणि तीही २३० व्होल्टने. उलट, नुसतं इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं आणि मेन चालू ठेवला, तरी बऱ्याच इन्व्हर्टरमधून मेनची वीज सरळ पुढे जातच राहते. म्हणून दोन्ही बंद करायची. क्रम असा:

- घरातल्या सगळ्यांना सांगा. डीबीवर, म्हणजे मेन आणि एमसीबी असलेल्या पेटीवर, ठळक चिठ्ठी चिकटवा: ‘काम चालू आहे, हात लावू नका’. मुलं आणि म्हातारी माणसं पंखा बंद पडला की हमखास डीबीकडे जातात.
- इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा.
- मग डीबीतला मेन पाडा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दोन खांबांचा मेन असेल तर चांगलं. नुसता एका सर्किटचा एमसीबी पाडला तर तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.
- जनरेटर असेल तर तोही बंद आणि त्याचा चेंजओव्हर (मेन की जनरेटर हे निवडणारा स्विच) मधल्या जागी.

आता तपासणी. टेस्टर किंवा मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून तो चालतो याची खात्री करायची, मग मेलेल्या वायरीवर लावायचा, मग पुन्हा चालू ठिकाणी. मेन पाडण्याआधी एखाद्या सॉकेटवर बघून घ्या. काम झाल्यावर मेन उठवून परत बघा, तो मधल्या वेळात बिघडला नव्हता हे तेव्हा कळेल. नुसत्या निऑनच्या टेस्टरवर जीव सोपवू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर फेज असूनही तो लागत नाही आणि भर उन्हात त्याचा मिणमिणता उजेड दिसतही नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि तीन जोड्या मोजा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तिन्ही शून्य आल्या पाहिजेत.

सावधान: शून्य येत नसेल तर थांबा. कुठून वीज येतेय हे कळेपर्यंत वायरीला हात नाही.

## ५. वायरींची ओळख पटवा

जुना दिवा उतरवा. तिन्ही वायरींची टोकं वेगवेगळ्या कनेक्टरमध्ये घालून एकमेकींपासून लांब ठेवा, म्हणजे एकही तांबं उघडं राहणार नाही. पुढचं मोजमाप वीज चालू ठेवून करावं लागतं. मीटर हाताळायची सवय नसेल तर एवढ्यापुरता वायरमन बोलवा, तो दहा मिनिटांत करेल.

मेन उठवून दिव्याचा स्विच चालू केल्यावर फेज-न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट, फेज-अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार. फेज-अर्थ अगदी कमी दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतं आहे, पुढे कुठेच जोडलेलं नाही.

आता स्विच बंद करा. कोणतीही वायर अर्थशी धरून २३० दाखवत असेल तर स्विच न्यूट्रलवर आहे. आधी तो बोर्डात दुरुस्त करून घ्या, मग दिवा. डिजिटल मीटर बंद वायरीतही कधी २०–४० व्होल्ट दाखवतो, कारण शेजारून जाणाऱ्या चालू वायरीचा तो आभास असतो. पण हा आभास आहे हे नक्की सांगणं वायरमनचं काम, अंदाजाने ठरवू नका.

चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत पार सुकतो आणि मग अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यावर झाकण आणि पाणी ओतायला नळी आहे का, ते याच निमित्ताने बघा. उन्हाळ्यात तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतलं पाहिजे. अनेक घरांत हा खड्डा अंगणातल्या फरसबंदीखाली गडप झालेला असतो.

आता रंग. या कामातली माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये बहुधा लाल, पिवळा किंवा निळा म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा म्हणजे अर्थ. दिव्याच्या वायरीत मात्र बहुधा तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ. थ्री-फेज कनेक्शनच्या घरात तिसऱ्या फेजवर निघालेली निळी वायर भिंतीतून येते. माणूस दिव्याची निळी तिला जोडतो, रंग जुळले म्हणून खूश होतो, आणि न्यूट्रलच्या जागी फेज गेलेला असतो. अमेरिकी वायरीत काळा हा फेज आणि पांढरा न्यूट्रल, म्हणजे काळ्याला काळी जोडली की तीच चूक. रंगाला रंग जोडायचा नसतो. मीटरने ठरवलेल्या वायरीला दिव्याची योग्य तार जोडायची असते. भिंतीतल्या वायरींवर ‘फे’, ‘न्यू’, ‘अ’ अशा चिठ्ठ्या लावा.

दिवा सॉकेटवर दोन पायांच्या पिनेने चालत होता तेव्हा पिन उलटसुलट कशीही बसत होती, फेज कोणत्या तारेत जातो याचा हिशोबच नव्हता. आता तो कायमचा ठरणार आहे. स्क्रूच्या होल्डरमध्ये, म्हणजे ई२७ किंवा ई१४ मध्ये, फेज तळाच्या मधल्या पत्तीला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना गेला पाहिजे. उलटं झालं तर बल्ब फिरवताना बोट आट्यांना लागलं की शॉक. कोणती तार मधल्या पत्तीला जाते ते सॉकेटपासून सोडवलेल्या दिव्यात, बल्ब काढून, मीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजणाऱ्या सेटिंगवर) बघा. त्या तारेवर खूण करा. खिळ्याच्या पद्धतीच्या बी२२ होल्डरला हा भेद लागत नाही.

मोजमाप झालं की चौथी पायरी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा बंद करायचा कंटाळा येतो, आणि नेमकं तेव्हाच इन्व्हर्टर विसरला जातो.

## ६. आता पिन कापा

दिवा भिंतीच्या जागी धरून बघा आणि बॉक्सच्या आत १५ सेंटिमीटर वायर राहील अशा बेताने कापा. वायरीच्या मधोमध चालू-बंद करायचं बटण असेल तर ते कापलेल्या भागाबरोबर जाऊ द्या, पुढे भिंतीवरचा स्विचच ते काम करणार आहे.

बाहेरचं आवरण ५–६ सेंटिमीटर सोला. ब्लेड आतल्या तारांच्या आवरणाला लागता कामा नये. वायर दुमडून बघा, आतलं तांबं कुठेही चमकलं तर तेवढा भाग कापून परत सोला. अर्थिंगची तार बाकीच्या दोघींपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर लांब ठेवा. उद्या दिवा ओढला गेलाच, तर सगळ्यात शेवटी सुटायला हवी ती अर्थिंगची तार.

दिव्याची वायर बारीक केसांसारख्या तारांची असते. ती तशीच स्क्रूखाली दाबली की केस पसरतात, काही तुटतात, उरलेल्यांवर सगळा भार येतो आणि जोड तापतो. ८–१० मिलिमीटर तांबं उघडं करा, हलका पीळ द्या, त्यावर फेरूल चढवा आणि पकडीने दाबा. डाग देऊन टोक कडक करण्याची जुनी सवय सोडा. डागाचं कथील स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांनी तो स्क्रू सैल लागतो.

## ७. बसवा आणि जोडा

आधी भिंतीत पक्कं बसवणं, मग विजेची जोडणी. चिऱ्यात ड्रिल हातोडीच्या मोडवर चालवू नका, भोक वेडंवाकडं होतं आणि चिरा भुगा होऊन गळतो. साध्या फिरकीने, दगडाच्या बिटने, आधी बारीक आणि मग मापाचं भोक पाडा. गिलावा आणि चिरा दोन्ही ओलांडून आत जाईल अशी ५० मिलिमीटरची गिट्टी घ्या. ड्रिलमधून लाल भुग्याऐवजी मऊ मातीच यायला लागली तर ते दोन चिऱ्यांमधलं मातीचं सांधण आहे, तिथे गिट्टी धरणार नाही. दोन बोटं बाजूला सरका.

दिव्याची वायर बॉक्समध्ये घालताना बाहेरचं आवरण आतपर्यंत आलं पाहिजे आणि बैठकीतली पकडपट्टी त्या आवरणावर बसली पाहिजे. आतल्या नाजूक तारांवर ओढ येता कामा नये, आणि दिव्याचं वजन तर वायरीवर मुळीच नाही.

जोडणीचा क्रम: आधी अर्थ, मग न्यूट्रल, शेवटी फेज. काढताना नेमका उलटा. प्रत्येक जोडानंतर वायर बोटांनी ओढून बघा, हलली तर जोड झाला नाही. कनेक्टरच्या बाहेर तांबं दिसलं तर काढून परत सोला. तीन कनेक्टर एकमेकांवर चढणार नाहीत असे बॉक्समध्ये लावा, आणि बैठक आवळताना एकही वायर कडेखाली चिमटली जात नाही ना हे टॉर्च मारून बघा. चिमटलेली वायर बाहेरून कधीच दिसत नाही.

बाल्कांवातल्या दिव्याला बैठकीच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावा, खालची कड मोकळी सोडा. आत शिरलेल्या पाण्याला किंवा दवाला बाहेर पडायला वाट लागते.

## ८. चाचणी: आधी विजेशिवाय, मग विजेवर

बल्ब न लावता, मेन बंद असताना, मीटर ओहमवर ठेवून बॉक्समधल्या अर्थ वायरीपासून दिव्याच्या धातूपर्यंत मोजा. रंग दिलेला पत्रा वीज नेत नाही, म्हणून टोक एखाद्या स्क्रूवर टेकवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. मग फेज ते धातू आणि न्यूट्रल ते धातू. या दोन्हींत जोड दिसता कामा नये. न्यूट्रल-धातू जोड दिसला तर घाबरण्याआधी मेन न्यूट्रलही तोडतो ना ते बघा. तोडत नसेल तर तो जोड घराबाहेरून फिरून आलेला असू शकतो. नवी लाइन ओढली असेल तर वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजायला सांगा. निदान १ मेगओहम यायला हवं. एलईडी दिवा त्या वेळी सोडवून ठेवायचा, मेगरने त्याचं सर्किट जाऊ शकतं.

मग बल्ब लावा, लेबलवर दिलेल्या वॉटपेक्षा जास्त नको. मेन उठवा, आणि स्विच चालू करण्याआधी एक मिनिट थांबा. आरसीसीबी इथेच पडला तर बहुधा न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकमेकांना टेकलेत. स्विच चालू केल्यावर पडला तर दिव्यातून फेज गळतोय किंवा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा आहे. एमसीबी पडला तर शॉर्ट. तिन्ही वेळा एकच नियम: परत परत उठवून बघू नका, बंद करा आणि जोडणी उघडा.

सगळं ठीक असेल तर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडलाच पाहिजे. न पडल्यास तो निकामी आहे, दिवा वापरण्याआधी बदलून घ्या. ज्या घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नाही तिथे धातूचा दिवा जोडण्याआधी तो बसवून घ्या. दिव्याच्या किमतीकडे बघून हा खर्च मोठा वाटेल, पण तो अख्ख्या घरासाठी आहे.

अर्धा तास दिवा चालू ठेवून बैठकीला हाताची उलटी बाजू लावा. बल्बजवळ ऊब चालेल, बैठक गरम लागता कामा नये. स्विच बंद असताना एलईडी मंद मिणमिणत असेल तर स्विच न्यूट्रलवर आहे का ते पुन्हा बघा. तो बरोबर असेल तर स्विचमधला छोटा निऑन दिवा हे कारण असू शकतं, त्यात धोका नाही. उजेड कमी करण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. डिमर हवाच असेल तर एलईडीसाठीचा डिमर आणि डिमरवर चालणारा बल्ब, अशी जोडी घ्या.

## ९. पहिल्या पावसानंतर

काम शक्यतो नोव्हेंबर ते मे या कोरड्या दिवसांत करा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधल्या आठवड्यात करू नका. माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीची, गडबड असते, दारात पाहुणे असतात आणि दिवा लागला की बास असं होऊन चाचणी राहून जाते.

बैठक बंद करण्याआधी उघड्या बॉक्सचा फोटो काढून ठेवा, चिठ्ठ्या दिसतील असा. बैठकीच्या आतल्या बाजूला कोणत्या एमसीबीवर हा दिवा आहे आणि कधी जोडला ते पेन्सिलीने लिहा. ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरला की, चौथी पायरी तंतोतंत पाळून बैठक एकदा उघडा. कनेक्टरचे स्क्रू आवळून बघा, तांब्याचा रंग बघा, बॉक्सच्या तळाशी ओल बघा. तांबं लालसर चमकत असेल तर बैठक बंद करा. हिरवट पडलं असेल तर टोकं कापून नवी फेरूल चढवा आणि पाणी कुठून आलं ते शोधा. बहुतेकदा ते दिव्यातून नव्हे, वरच्या कौलांतून भिंतीत उतरलेलं असतं.